फळ, भाजी आणि कायद्याची यादी

टोमॅटो हे फळ की भाजी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शाळकरी मुलांच्या प्रश्नमंजूषेत विचारला जातो, आणि वनस्पतिशास्त्राचा धडा नुकताच वाचलेला एखादा हुशार विद्यार्थी ‘फळ’ असे उत्तर देऊन, आयुष्यभर टोमॅटोची भाजी, सार आणि कोशिंबीर करीत आलेल्या आपल्या आईला चुकीची ठरवतो. विद्यार्थ्याचे उत्तर त्या शास्त्राच्या मर्यादेत बरोबर असते. परंतु त्यावरून आई चुकली असा जो निष्कर्ष काढला जातो तो सर्वस्वी असमर्थनीय आहे, आणि सुशिक्षितांच्या संभाषणांतून तो इतका रूढ होऊन बसला आहे की त्याचे निराकरण करणे मला अगत्याचे वाटते. या प्रश्नाला केवळ बौद्धिक कुतूहलाचा विषय मानणे योग्य नव्हे. त्याच्या उत्तरावर जकात बसली आहे, विक्रीकर आकारला गेला आहे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत कज्जे गेले आहेत, आणि शाळेत दुपारी पंक्तीला बसणाऱ्या मुलाच्या ताटात काय पडावे हेही आजमितीस काही अंशी त्याच उत्तरावर अवलंबून आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ म्हणजे फुलातील अंडाशयाची परिपक्व अवस्था. ही व्याख्या एकदा स्वीकारली म्हणजे टोमॅटोच काय, परंतु वांगे, मिरची, भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, कारले, भोपळा, गवारीची आणि घेवड्याची शेंग ही सारी फळेच ठरतात; किंबहुना ज्वारीचा आणि गव्हाचा दाणासुद्धा, त्यातील बीजाचे कवच आणि फळाची साल एकजीव झालेली असल्यामुळे, शास्त्राच्या परिभाषेत एक संपूर्ण फळच होय. उलट ज्यांना आपण निःशंकपणे फळे म्हणतो त्यांतील कित्येकांची स्थिती या व्याख्येपुढे डळमळीत होते. सफरचंदाचा आपण खातो तो गर बव्हंशी अंडाशयाचा नसून त्याला वेढून वाढलेल्या फुलाच्या तळभागाचा असतो. काजूचे बोंड हा केवळ फुगलेला देठ आहे, आणि त्याच्या टोकाला लोंबणारी, टणक सालीतली काजूची बी हेच त्या झाडाचे खरे फळ. अंजीर म्हणजे आतल्या बाजूस फुले धारण करणारा एक अखंड फुलोरा. आणि फणस हे असंख्य फुलांचे मिळून बनलेले संयुक्त फळ, ज्यातील एकेक गरा हा एकेका फुलाचा वाढलेला अंश. ‘ज्यात बी असते ते फळ’ हा जो सोपा नियम मुलांना सांगितला जातो तो तर बिनबियांच्या केळ्यापाशीच अडखळतो.

आता याच शास्त्राला भाजी म्हणजे काय असे विचारले तर ते काहीच सांगत नाही, कारण त्याच्या दफ्तरी तसा वर्गच नाही. मेथी हे पान आहे, बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे, गाजर आणि मुळा ही मुळे आहेत, फ्लॉवर हा न उमललेला फुलोरा आहे. या सर्वांना एकत्र बांधणारी गोष्ट वनस्पतीच्या देहात कोठेही सापडत नाही, ती सापडते माणसाच्या चुलीपाशी. म्हणजे ‘फळ’ या नावाने शास्त्र वनस्पतीचा एक अवयव दाखविते आणि ‘भाजी’ या नावाने आपण तिचा एक उपयोग सांगतो. अवयव आणि उपयोग यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी कल्पून ‘हे की ते’ असा सवाल टाकणे हीच मुळात तर्काची चूक आहे, आणि ती चूक प्रश्न विचारणाऱ्याकडून होते. तेव्हा आईला दोष देण्याचे कारण उरत नाही.

आपल्या पूर्वसूरींनी ही गफलत केलेली नाही, हे येथे अभिमानापेक्षा अचूकतेसाठी सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत, ते असे : पत्र, पुष्प, फल, नाल, कंद आणि संस्वेदज, म्हणजे भूछत्रासारखे ओलाव्यातून उपजणारे. या वर्गीकरणात फळ हा भाजीचा विरोधी पक्ष नसून भाजीच्याच सहा शाखांपैकी एक शाखा आहे, आणि आपल्या मंडईत पालेभाजी, फळभाजी, कंदभाजी, शेंगभाजी अशी जी विभागणी आजही चालते ती त्याच धाटणीची आहे. त्याहून कितीतरी प्राचीन अशा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपानाचे बारा वर्ग केले आहेत, आणि त्यांत शाकवर्ग व फलवर्ग यांच्याखेरीज हरितवर्ग नावाचा एक स्वतंत्र वर्ग आहे, ज्यात आले, मुळा, लसूण, कांदा, तुळस अशा, जेवणाबरोबर रुची आणण्यासाठी ताज्याच खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची गणना होते. आले हे फळ नाही हे उघड आहे. पण ते पालक किंवा दोडक्यासारखी भाजी आहे काय, अशी शंका ज्या वैद्याला आली त्याने त्यासाठी तिसरे दालन उघडले. हा विवेक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे आल्यावरून आपल्याच देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावा गेला.

परंतु या विषयातील सर्वांत प्रसिद्ध कज्जा अमेरिकेतला आहे, आणि तो थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे. तेथील १८८३ च्या जकात कायद्यान्वये परदेशातून येणाऱ्या, नैसर्गिक स्थितीतील भाज्यांवर किमतीच्या दहा टक्के जकात होती आणि ताजी, पक्व किंवा वाळविलेली फळे जकातमुक्त होती. १८८६ च्या वसंत ऋतूत जॉन निक्स आणि त्यांच्या भागीदारांनी वेस्ट इंडीज बेटांवरून न्यूयॉर्क बंदरात टोमॅटो उतरविले. बंदराचे जकात अधिकारी एडवर्ड हेडन यांनी ते भाजी ठरवून जकात मागितली. निक्स यांनी हरकत नमूद करून ती भरली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत ती रक्कम परत मिळण्यासाठी हेडन यांच्यावर फिर्याद केली. न्यायालयात वादीच्या वकिलाने वेबस्टर आदि शब्दकोशांतील फळ, भाजी आणि टोमॅटो या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखविल्या. त्यावर प्रतिवादीच्या वकिलाने त्याच कोशांतून वाटाणा, वांगे, काकडी, भोपळा आणि मिरची यांच्या व्याख्या वाचल्या, कारण शास्त्रार्थाने टोमॅटो फळ ठरत असेल तर ही सारीही फळे ठरतात आणि मग जकातीस पात्र अशी भाजी फारच थोडी उरते. आणि वादीने प्रत्युत्तरादाखल बटाटा, सलगम, फ्लॉवर, कोबी, गाजर यांच्या व्याख्या वाचल्या. फळे व भाज्यांच्या व्यापारात तीस वर्षे घालविलेल्या दोन साक्षीदारांनी, या शब्दांना धंद्यात काही निराळा खास अर्थ नाही, असे सांगितले.

अखेर १० मे १८९३ रोजी न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने एकमताचा निवाडा दिला. त्यांनी शास्त्र नाकारले नाही, आणि मला त्या निवाड्यातील हीच गोष्ट सर्वांत आदरणीय वाटते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो हे वेलीचे फळ आहे, जसे काकडी, भोपळा, घेवडा आणि वाटाणा हेही आहे, असे त्यांनी स्वच्छ मान्य केले. मात्र विकणारा आणि खाणारा या दोघांच्याही व्यवहारातील भाषेत या सर्व वस्तू परसातील मळ्यात पिकणाऱ्या भाज्या आहेत, त्या जेवणाच्या मुख्य भागात सार, मासे वा मांस यांच्यासह वाढल्या जातात, आणि फळांप्रमाणे जेवणाअखेरीस गोड म्हणून येत नाहीत, म्हणून जकातीच्या कायद्यापुरता टोमॅटो भाजी होय, असे त्यांनी ठरविले. जकातीचा कायदा आयात करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आणि जकात वसूल करणाऱ्या अंमलदारासाठी लिहिलेला असतो, तेव्हा त्यातील शब्दही त्यांच्याच बोलीतून समजून घेतले पाहिजेत, हे त्यामागचे तत्त्व निर्दोष आहे. आज जगभर चालणाऱ्या सीमाशुल्काच्या सामायिक वर्गीकरणात, जे १९८८ पासून अमलात आहे, सातवे प्रकरण भाज्यांचे आणि आठवे फळांचे असून टोमॅटो सातव्या प्रकरणात आहे. काकडीही सातव्यात आहे, आणि वनस्पतिशास्त्राने काकडीच्याच प्रजातीत घातलेले खरबूज मात्र आठव्यात आहे. जगातील सगळ्या बंदरांनी एका अर्थी ग्रे यांच्या बाजूनेच कौल दिला आहे.

तरीही त्या निवाड्याचे कौतुक करताना एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. १८८६ साली उतरविलेल्या मालाचा निकाल १८९३ साली लागला. ही सात वर्षे, दोन न्यायालये आणि दोन्ही बाजूंचे वकील यांचा सारा खर्च कशापायी झाला? कायदा करणाऱ्यांनी यादीत ‘टोमॅटो’ हा एक शब्द लिहिला नाही, एवढ्यापायी. न्यायाधीशाचे शहाणपण हे बहुतेक वेळा कायदा लिहिणाऱ्याच्या आळसाची भरपाई असते, आणि ती भरपाई करण्याचा खर्च नेहमी तिसऱ्याच माणसाच्या, म्हणजे माल विकणाऱ्याच्या आणि पिकविणाऱ्याच्या, माथी बसतो.

हा आळस आपल्याकडेही पुरेपूर होता. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्याला जोडलेल्या करमुक्त वस्तूंच्या परिशिष्टात ‘भाज्या’ अशी एक बाब होती आणि ‘विड्याची पाने’ अशी दुसरी एक स्वतंत्र बाब होती. पुढल्याच वर्षी, १९४८ साली, दुरुस्ती करून विड्याच्या पानांची बाब गाळण्यात आली, आणि पानांच्या व्यापाऱ्यांवर कर लागला. तेव्हा अकोल्याच्या पानविक्रेत्यांनी असा युक्तिवाद केला की पानांची स्वतंत्र बाब गेली तरी पान ही वनस्पतीच असल्यामुळे ते ‘भाज्या’ या बाबीखाली करमुक्तच राहते. नागपूरच्या संत्रा मार्केटातील पानव्यापाऱ्यांच्या संघाने तेथील उच्च न्यायालयात हाच मुद्दा आधी मांडून पाहिला होता आणि तो फेटाळला गेला होता. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानेही अकोल्याचे प्रकरण निकालात काढताना तोच कौल दिला. भाजी म्हणजे परसात किंवा शेतात पिकणारी आणि जेवणाच्या ताटासाठी वापरली जाणारी वस्तू. विड्याचे पान जेवणानंतर तोंडात जाते, ताटात येत नाही. शिवाय विधिमंडळाने दोन निराळ्या बाबी लिहून त्यांतली एक गाळली, याचाच अर्थ त्याला दोन्ही वस्तू भिन्न वाटत होत्या, असे त्या न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात होते.

या निकालात न्यायालयाने कॅनडातील १९५१ च्या एका खटल्याचा आधार घेतला होता, ज्यात खारे शेंगदाणे आणि काजू हे फळ किंवा भाजी आहेत काय असा वाद होता. तेथील न्यायाधीशाने विचारलेला प्रश्न मला या साऱ्या वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो : संध्याकाळच्या जेवणासाठी फळे किंवा भाजी आण असे घरातून सांगितल्यावर कोणता गृहस्थ खारे दाणे किंवा काजू घेऊन घरी येईल? शब्दकोशाची पाने उलटण्यापेक्षा गृहस्थाच्या पिशवीत डोकावण्याची ही कसोटी पुढे आपल्या न्यायालयांनी वारंवार वापरली. १९६२ साली बिहारच्या एका प्रकरणात ऊस ही हिरवी भाजी नव्हे असे ठरले. सत्तरच्या दशकात ओरिसातील प्रकरणात हिरवी मिरची आणि लिंबू या भाज्या ठरल्या. १९७७ साली बंगालच्या प्रकरणात ओले आले हे, ताटातील मुख्य पदार्थ नसले तरी जेवणाचा एक दुय्यम भाग असल्यामुळे, भाजीच होय असा निर्वाळा मिळाला. आणि १९८५ साली मद्रासच्या विक्रीकराबाबत, पक्व नारळ हा ताजे फळही नव्हे आणि भाजीही नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कोकणातील कोणत्याही गृहिणीने हा शेवटचा निकाल न्यायालयाचे तोंड न पाहता दिला असता, कारण तिच्या स्वयंपाकघरात नारळाला फळाच्या टोपलीत आणि भाजीच्या टोपलीत दोहोंतही जागा नसते. त्याची जागा स्वतंत्र असते आणि ती बहुतेक सर्व पदार्थांत असते.

या निकालांकडे पाहून कोणी म्हणेल की यांत संगती नाही, कारण ज्या लिंबाला ओरिसाच्या प्रकरणात भाजी म्हटले तेच लिंबू महाराष्ट्रात हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत संत्रे, मोसंबी आणि डाळिंब यांच्या पंक्तीला फळ म्हणून बसलेले आहे. मला यात विसंगती दिसत नाही. विम्याची योजना झाडाकडे पाहते, बागेत किती वर्षे उभे राहणारे ते झाड आहे, त्याचा बहार केव्हा धरतो, पावसाने आणि उष्णतेने त्याचे काय होते याचा ती विचार करते. त्या दृष्टीने लिंबाचे झाड मोसंबीचे सख्खे भावंड आहे. विक्रीकराचा कायदा गिऱ्हाइकाकडे पाहतो, आणि गिऱ्हाईक लिंबू घेते ते कोथिंबिरीशेजारी, मिरचीबरोबर. दोन्ही वर्गीकरणे आपापल्या हेतूशी प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक असते ते एका हेतूसाठी केलेले वर्गीकरण दुसऱ्या हेतूवर लादणे.

आपल्या लोकव्यवहाराला हे तत्त्व कोणी शिकवावे लागलेले नाही. फणसाच्या एकाच झाडाची कोवळी कुयरी भाजीला जाते, पिकल्यावर त्याचे गरे फळ म्हणून खाल्ले जातात आणि आठळ्या पावसाळ्यात पुन्हा भाजीत पडतात. केळीच्या केळफुलाची भाजी होते, कच्च्या केळ्याची भाजी होते आणि पिकले की तेच केळे देवापुढे फळ म्हणून ठेवले जाते. कैरीचे लोणचे आणि आंब्याचा रस यांच्यामध्ये तर केवळ काही आठवड्यांच्या उन्हाचे अंतर असते. ऋषिपंचमीला जी भाजी केली जाते तिचा निकष तर फळ-पान-कंद या साऱ्यांपलीकडचा आहे : बैलाच्या श्रमाने पिकलेले त्या दिवशी खायचे नाही, म्हणून अळू, सुरण, पडवळ, भोपळा अशी परसात हाताने वाढविलेली जिन्नसे एका पातेल्यात एकत्र येतात. वनस्पतीचा अवयव किंवा तिची चव यांऐवजी तिच्यासाठी कोण राबले यावरून अन्नाचे वर्ग करणारी ही दृष्टी मला फार उन्नत वाटते. आणि व्यापाराची दृष्टी पाहायची असेल तर वाशीच्या बाजार समितीत जावे. तेथे फळांचा बाजार निराळा आहे, भाजीपाल्याचा निराळा आहे, आणि कांदा-बटाट्याचा या दोहोंहून निराळा आहे, कारण जो माल दुसऱ्या दिवशी सुकतो आणि जो माल महिनोन्‌महिने वखारीत टिकतो त्यांची आडत, हमाली आणि साठवण एका नियमाने चालत नाही. कांदा ही भाजी आहे की नाही असा वाद तेथे कोणी घालत बसत नाही. त्याच्यासाठी वेगळा बाजार बांधला की काम भागते.

तेव्हा माझे पहिले मागणे सरकारच्या लेखणीकडे आहे. जेथे जेथे कर, विमा, अनुदान, नुकसानभरपाई किंवा बाजार-नियमन यांसाठी ‘फळे’ आणि ‘भाज्या’ हे शब्द वापरले जातात, तेथे तेथे त्या शब्दांखाली वस्तूंची नावे लिहिली गेली पाहिजेत, आणि ती शेतकरी व अडते ज्या नावांनी बोलतात त्याच नावांनी लिहिली गेली पाहिजेत. हे अशक्य नाही. युरोपीय संघाने जॅमविषयीच्या २००१ च्या निर्देशात टोमॅटो, गाजर, रताळे, काकडी, भोपळा, खरबूज, कलिंगड आणि रुबार्बचे देठ ही त्या निर्देशापुरती फळे मानावीत असे नावानिशी लिहून टाकले आहे. गाजराला फळ म्हटल्याबद्दल त्याची अनेकांनी थट्टा केली, परंतु ती थट्टा अज्ञानमूलक होती, कारण त्या निर्देशाने गाजराच्या स्वरूपाविषयी काहीही विधान केलेले नाही. गाजराचा जॅम करणाऱ्याने साखरेचे आणि गराचे प्रमाण कोणत्या नियमाने ठेवावे, एवढेच त्याने सांगितले आहे, आणि तेही असे की कोणाला न्यायालयात जावे लागू नये. आपल्याकडे २०१६ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने वटहुकूम काढून फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा कोणती वस्तू त्या शब्दांत येते आणि कोणती येत नाही यावर शेतकऱ्याच्या पट्टीतील कपात अवलंबून होती. नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या जाळ्या घेऊन उभा असलेला शेतकरी सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे वाचून आपला हिशेब तपासू शकत नाही. त्याला शासकीय यादीत आपल्या मालाचे नाव दिसले पाहिजे.

दुसरे मागणे मला याहून अधिक निकडीचे वाटते, आणि ते मुलांच्या जेवणाविषयी आहे. वर्गीकरण जेव्हा दुर्बलांच्या ताटाशी येऊन पोहोचते तेव्हा त्यातील संदिग्धता किती घातक होते, याचे उदाहरण पुन्हा अमेरिकेतच घडले. १९८१ साली तेथील शालेय भोजनाच्या अनुदानात मोठी कपात झाल्यावर कृषी खात्याने खर्च वाचविण्यासाठी जे नवे नियम प्रस्तावित केले त्यांत, लोणच्यासारखे तोंडीलावणेही भाजीच्या हिश्शात धरण्याची मुभा शाळांना देऊ केली होती. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ टोमॅटोचे केचपही आता भाजी झाले असा केला, लोकांत संताप उसळला आणि सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तो संताप सर्वथा योग्य होता. टोमॅटोला भाजी म्हणणाऱ्या १८९३ च्या निवाड्यामागे लोकव्यवहार होता. चमचाभर तोंडीलावण्याला भाजी म्हणणाऱ्या १९८१ च्या प्रस्तावामागे केवळ खतावणीतील बचत होती, आणि ती बचत मुलांच्या पोटातून होणार होती.

आपल्या शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय निकषांत प्राथमिक शाळेतील मुलास दर दिवशी ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक शाळेतील मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावी असे ठरलेले आहे. या ५० ग्रॅमांत बटाटा मोजावा काय? गिऱ्हाइकाच्या भाषेत बटाटा ही भाजी आहे यात शंका नाही, आणि विक्रीकराचा खटला असता तर मीही तसेच म्हटले असते. परंतु आहाराचा निकष कशासाठी आहे, असा प्रश्न केला की उत्तर बदलते. भाजीचा हिस्सा ताटात ठेवला आहे तो जीवनसत्त्वे, लोह आणि चोथा मुलाच्या शरीरात जावा म्हणून. पिष्टमय अन्नाची सोय त्याच निकषांत प्राथमिकच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्याने आधीच केलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दररोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याचा सल्ला देते तेव्हा तीत बटाटे, रताळी आणि तत्सम पिष्टमय कंद ती स्पष्टपणे वगळते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींतही बटाट्याला भाज्यांच्या हिश्शात धरलेले नाही. म्हणजे आहारशास्त्राच्या दृष्टीने बटाटा भातभाकरीच्या बाजूला बसतो. उपवासाच्या दिवशी आपण त्याला साबुदाण्याशेजारी बसवून पोट भरतो ती लोकांची जाण याच दिशेची आहे.

कोणी म्हणेल की खेड्यातील शाळेत पावसाळ्यात रोज पालेभाजी कोठून आणायची, बटाटा टिकतो, स्वस्त असतो आणि मुलांना आवडतो. ही अडचण खरी आहे आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांवर तिचा भार पडतो, हेही मला मान्य आहे. बटाटा ताटातून काढून टाका असे माझे म्हणणे नाहीच. तो खिचडीत जरूर पडावा, फक्त भाजीच्या वजनात तो मोजला जाऊ नये. ज्या दिवशी भोपळा, शेवग्याच्या शेंगा किंवा शेवग्याचा पाला, गवार, चवळीच्या शेंगा, टोमॅटो यांपैकी काहीही मिळणे शक्य आहे त्या दिवशी नोंदवहीत बटाट्याचे वजन लिहून भाजीचा रकाना भरला जाऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे. शेवगा तर शाळेच्या आवारातच वाढू शकतो, पाणी फारसे मागत नाही, आणि त्याचा पाला पोषणाच्या दृष्टीने अनेक विकतच्या भाज्यांहून सरस आहे. ज्या शाळांनी परसबागा केल्या आहेत त्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांनी टोमॅटोच्या चित्राखाली ‘वनस्पतिशास्त्रानुसार हे फळ आहे, स्वयंपाकात ही भाजी आहे, आणि दोन्ही विधाने खरी आहेत’ असे एक वाक्य घालावे. महसूल आणि कृषी खात्यांनी आपल्या याद्यांत वस्तूंची नावे लिहावीत. आणि शालेय शिक्षण खात्याने शाळांना एक साधे परिपत्रक पाठवावे की ५० आणि ७५ ग्रॅमांच्या भाजीत बटाटा, रताळे व साबुदाणा धरले जाणार नाहीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाची संमतीही लागत नाही, आणि ते परिपत्रक येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसापूर्वी निघू शकते.